घरची पहिली परसबाग : शिक्षकाने पालकांस काय सांगावे



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक प्राथमिक शाळांच्या आवारात आज भाजीपाल्याचे वाफे दिसतात. मध्यान्ह भोजनाच्या योजनेस २०२१ साली ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ हे नाव मिळाले. या योजनेत शालेय पोषण बागेसही स्थान आहे. मुले वाफ्यास पाणी घालतात, मेथी खुडतात आणि ती त्यांच्याच खिचडीत पडते. हे सर्व इष्टच आहे. परंतु शाळेच्या बागेस एक मर्यादा आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागली की ती बाग वाळते. घराला मात्र सुट्टी नसते. म्हणून शाळेत मूल जे शिकले ते त्याच्या परसात रुजावे, हा खरा पुढचा टप्पा होय. प्रस्तुत लेखात, ज्या घरी आजवर भाजीचा एकही वाफा झाला नाही अशा घरी पहिली परसबाग कशी उभी करावी, आणि तीत शिक्षकाचा वाटा कोणता, याचा विचार केला आहे.

परसबाग कशासाठी?

शरीराचे रक्षण करणारे जीवनसत्त्व व क्षार यांचा मोठा भाग आपणांस भाजीपाल्यातून मिळतो. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जे आहारविषयक मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात व त्यांपैकी सुमारे १०० ग्रॅम हिरव्या पालेभाज्या असाव्यात, असे सांगितले आहे. मुलांचा वाटा थोडा कमी धरला तरी पाच माणसांच्या घरास रोज दीड ते दोन किलो भाजी लागते. आठवड्याच्या बाजारातून एकदा भाजी आणणाऱ्या घरात पहिले दोन दिवस ती दिसते. पुढे बटाटा, बेसन, चटणी यांवर निभावते. याचा परिणाम काय होतो? २०१९-२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या १०० बालकांपैकी सुमारे ६९, आणि १५ ते ४९ वर्षे वयाच्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ५४ रक्तक्षयाने पीडित आढळल्या. वर्गात पेंगणारे, पायऱ्या चढताना धापा टाकणारे, पाढा अर्ध्यावर विसरणारे मूल आळशीच असते असे नाही. पुष्कळदा त्याच्या रक्तात लोहाची उणीव असते.

येथे अतिशयोक्ती मात्र करू नये. एका वाफ्याने रक्तक्षय बरा होतो असे पालकांस सांगणे योग्य नव्हे. शाळेतून व आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या, जंतांवरील औषध आणि गरज पडल्यास वैद्याचा सल्ला यांची जागा परसबाग घेऊ शकत नाही. शिवाय पालेभाजीतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. भाजीवर लिंबू पिळले अथवा जेवणात आवळा, पेरू असे काही असले म्हणजे त्याचे शोषण वाढते. जेवणास लागून चहा घेतल्यास ते घटते. त्याचप्रमाणे हिरव्या व पिवळ्या भाज्यांतून मिळणाऱ्या ‘अ’ जीवनसत्त्वासाठी थोडे तेल लागते. म्हणून भाजी नुसती उकडून न देता तिला तेलाची फोडणी द्यावी. बाग लावण्याइतकेच हे सांगणेही महत्त्वाचे आहे.

बाग केवढी असावी? जेवढे पाणी, तेवढी

परसबाग सुरू करताना पहिला प्रश्न विचारला जातो तो जागेचा. वस्तुतः पहिला प्रश्न पाण्याचा आहे. जून महिन्यात सारे परसू खणून लावलेली आणि फेब्रुवारीत सोडून दिलेली बाग ही मोठ्या आरंभाची फलश्रुती होय. यास्तव आरंभीच हिशेब करावा.

हिशेब सोपा असून पाचवीच्या मुलांकडूनही करून घेता येतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी दिले, तर ते बरोबर एक लिटर होते. हिवाळ्यात भाजीच्या वाफ्यास दररोज साधारणतः ४ मिलिमीटर, आणि आपल्याकडील कडक उन्हाळ्यात ७ मिलिमीटर पाणी लागते असे धरावे. आता प्रत्येकी १० फूट लांब व ३ फूट रुंद असे दोन वाफे घ्या. त्यांचे क्षेत्रफळ ६० चौरस फूट, म्हणजे सुमारे साडेपाच चौरस मीटर होते. त्यांस हिवाळ्यात रोज २२ लिटर व उन्हाळ्यात सुमारे ४० लिटर पाणी हवे. म्हणजे हिवाळ्यात दीड-दोन घागरी व उन्हाळ्यात तीन घागरी झाल्या. पहिल्या वर्षी कोणत्याही घराने या दोन वाफ्यांहून अधिक पसारा मांडू नये, आणि पाण्याची टंचाई असलेल्या घराने एकच वाफा करावा. एवढ्या बागेने घराची सर्व गरज भागणार नाही, हे उघड आहे. परंतु बाजाराच्या दिवसांमधील रिकाम्या दिवशी ताटात हिरवे काही येईल, आणि घरास बागेची सवय लागेल. पुढील वर्षी तिसरा वाफा ते घर स्वतःच करील.

यापुढील प्रश्न असा, की हे पाणी आणणार कोण? पाथर्डी, जामखेड, कर्जत यांसारख्या तालुक्यांतील काही वस्त्यांवर उन्हाळ्यात पाणी डोक्यावरून आणावे लागते, आणि ते बहुधा आई व मोठी मुलगी आणते. मुलाने शाळेतून उत्साहाने बी आणावे आणि त्याच्या बहिणीच्या डोक्यावर आणखी दोन घागरी चढाव्यात. त्यापायी तिची सकाळची शाळा बुडावी, अशी परसबाग आपणांस नको आहे. शिक्षकाने पालकांशी बोलताना हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा. जेथे पाणी वाहून आणावे लागते तेथे नवे पाणी न आणता घरातील वापरलेल्या पाण्यावरच जेवढी निघेल तेवढीच बाग करावी. त्यात उणेपणा काही नाही.

सांडपाण्याचा उपयोग

घरात रोज किती पाणी वाया जाते ते एक दिवस बादलीने मोजून पाहावे. भाजी, तांदूळ व डाळ धुतलेले पाणी आणि भांडी विसळल्याचे शेवटचे पाणी यांत साबण नसतो. हे पाणी वाफ्यास निःशंक द्यावे. न्हाणीच्या पाण्यात साबण असतो. ते पालेभाजीवर न घालता चरीने केळ, अळू व शेवगा यांच्या आळ्यांकडे न्यावे. कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात क्षार अधिक असतात. काळ्या भारी जमिनीत ते रोज एकाच जागी मुरल्यास जमीन चोपण होते. म्हणून ते आलटून पालटून वेगवेगळ्या झाडांस द्यावे आणि कोवळ्या रोपांपासून दूर ठेवावे. शौचालयाचे पाणी कोणत्याही भाजीस देऊ नये. कोथिंबीर, मुळा, टोमॅटो अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांच्या पानाफळांस सांडपाण्याचा स्पर्श होऊ देऊ नये. आळ्यात पाणी साचून राहता कामा नये, कारण आठ-दहा दिवस साचलेल्या पाण्यात डासांची एक पिढी तयार होते.

जागा व कुंपण

बागेस दिवसातून निदान सहा तास ऊन मिळाले पाहिजे. मोठ्या झाडाखालची जागा गार वाटते, पण तेथे भाजी होत नाही. झाडाची मुळे पाणी व खत ओढून घेतात. जागा स्वयंपाकघराच्या दाराजवळ असावी. जी बाग येताजाता दिसते तिची निगा राहते. घरामागे दूर असलेल्या बागेकडे चार दिवस कोणी फिरकत नाही.

कुंपणाचा विचार पेरणीच्या आधी करावा. खेड्यात बागेचा पहिला शत्रू कीड नव्हे. तो शेळी व कोंबडी होय. बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण स्वस्त व पुरेसे असते. नुकत्याच पेरलेल्या वाफ्यावर काटेरी फांद्या पसरून ठेवाव्यात, म्हणजे कोंबड्या माती उकरीत नाहीत. कुंपणाचा दुसराही उपयोग आहे. दोडका, कारले, वाल, घेवडा यांचे वेल त्यावर चढवता येतात व मांडवाचा खर्च वाचतो.

जमिनीची तयारी

वाफा तीन ते चार फुटांहून रुंद करू नये. दोन्ही बाजूंनी बसून मध्यापर्यंत हात पोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. पायाने दाबलेल्या मातीत मुळांस हवा मिळत नाही. दोन वाफ्यांत दीड फुटाची वाट ठेवावी.

माती एक वीतभर खोल खणून ढेकळे फोडावीत, दगड व हराळीच्या काशा वेचून काढाव्यात आणि आठ दिवस ऊन खाऊ द्यावे. मग दर वाफ्यास दोन-तीन पाट्या चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ‘चांगले कुजलेले’ या शब्दांवर शिक्षकांनी जोर द्यावा. अर्धवट कुजलेल्या शेणातून हुमणीच्या अळ्या व तणाचे बी बागेत येते, आणि वाळवीही लागते. कुजलेले खत काळसर, भुसभुशीत असते व त्यास शेणाचा वास येत नाही. ज्या घरी जनावर नाही त्यांनी तीन फूट लांब, तीन फूट रुंद व तेवढाच खोल खड्डा घेऊन त्यात पालापाचोळा, भाजीचे देठ, राख व थोडी माती यांचे थर द्यावेत, ओल राखावी आणि महिन्यातून एकदा वरखाली करावे. साधारणतः तीन-चार महिन्यांत खत तयार होते.

आपल्या जिल्ह्यातील माती व पाऊस सर्वत्र सारखा नाही, हे ध्यानी ठेवावे. अकोले तालुक्याच्या डोंगरी भागात पावसाळ्यात वाफ्यात पाणी तुंबून रोपे कुजतात. तेथे वाफा जमिनीपासून वीतभर उंच, म्हणजे गादीवाफा करावा आणि भोवती चर काढावा. पूर्वेकडील कमी पावसाच्या भागात याउलट वाफा जमिनीशी सपाट अथवा किंचित खोल असावा, म्हणजे पडलेला थेंब वाहून जाणार नाही. कालव्याच्या पट्ट्यात काही ठिकाणी जमिनीवर पांढरा थर येतो. अशा खारवट जागी घेवडा नीट येत नाही. पालक मात्र तेथेही तग धरतो.

काय लावावे व केव्हा

नवशिक्याने बारा प्रकारच्या भाज्या एकदम लावू नयेत. घरात जे आवडीने खाल्ले जाते तेच प्रथम लावावे. वर्षाची मांडणी पुढीलप्रमाणे करावी.

मृगाचा पाऊस झाला की जी झाडे अनेक वर्षे टिकतात ती लावून घ्यावीत. एक शेवगा, एक कढीपत्ता, न्हाणीच्या पाण्यावर अळू व केळ, आणि जागा असल्यास एक लिंबू, एवढे पुरे. शेवगा घराच्या छपरापासून दूर लावावा, कारण त्याची फांदी वाऱ्याने सहज मोडते. तो तीन फुटांचा झाला की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात व शेंगा हाताशी राहतात. शेवग्याचा पालाही भाजीस उत्तम असून पाण्याच्या टंचाईत तो हमखास मिळतो. याच सुमारास वाफ्यात भेंडी, गवार व चवळी, आणि कुंपणालगतच्या आळ्यांत दोडका, कारले, दुधी भोपळा यांचे बी टोकावे.

पालेभाजीच्या वाफ्यास मात्र दसरा-दिवाळीचा काळ उत्तम. पाऊस ओसरलेला असतो, तण व कीड कमी असते आणि थंडीत मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा यांची वाढ चांगली होते. सर्वस्वी नव्या घराने आपला पहिला वाफा याच वेळी करावा, असे सर्वसाधारणपणे सांगता येईल.

यास एक अपवाद आहे, व तो आपल्या जिल्ह्यापुरता मोठा आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस बाहेरगावी जातात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्यांस ऑक्टोबरचा वाफा निरुपयोगी आहे. अशा घरी जूनमध्येच पेरणी करावी व दसऱ्यापर्यंत आटोपणाऱ्या गवार, चवळी, भेंडी, तांदुळजा, अंबाडी यांचीच निवड करावी. मागे राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी व मुलांसाठी एक शेवगा मात्र अवश्य लावावा. शिक्षकाने सर्व वर्गास एकच वेळापत्रक न देता घर पाहून सल्ला द्यावा, तो यासाठी.

दोन वाफ्यांची आखणी

ऑक्टोबरमध्ये पहिला वाफा पालेभाजीस द्यावा. त्याचे अडीच-अडीच फुटांचे चार भाग पाडावेत. एका भागात पालक पेरावा. तो साधारण महिनाभरात पहिल्या कापणीस येतो व पुढे दर १५ ते २० दिवसांनी पुन्हा कापता येतो. उरलेल्या तीन भागांत मेथी एकदम पेरू नये. आज एक भाग, दहा दिवसांनी दुसरा, आणखी दहा दिवसांनी तिसरा असे पेरावे. मेथी सुमारे ३० दिवसांत खुडण्यास येते. त्यामुळे तिसरा भाग पेरून दहा दिवस होतात तोच पहिला तयार होतो, व तो रिकामा झाला की तेथे पुन्हा कोथिंबीर अथवा मेथी पेरता येते. सारा वाफा एकाच दिवशी पेरणाऱ्या घरी एक आठवडा मेथीच मेथी असते आणि पुढे महिनाभर काहीच नसते.

दुसऱ्या वाफ्यात दोन ओळी धरून, ओळीत दोन-दोन फुटांवर पाच, अशी एकूण १० रोपे लावावीत : वांगी ४, मिरची ३ व टोमॅटो ३. टोमॅटो कडेस लावून त्यांस काठीचा आधार द्यावा. रोपे लहान असेपर्यंत दोन ओळींमधील जागेत मुळा घ्यावा; तो सुमारे दीड महिन्यात निघून जातो.

बी व पेरणी

पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण पाहणे हा शाळेत करण्याजोगा उत्तम प्रयोग आहे. २० दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळावेत, फडके ओलसर ठेवावे व पाच-सहा दिवसांनी मोड आलेले दाणे मोजावेत. १६ दाण्यांस मोड आले तर उगवण शेकडा ८० झाली. ती निम्म्याहून कमी भरल्यास ते बी टाकून द्यावे अथवा दुपटीने पेरावे.

बी किती खोल पेरावे? त्याच्या जाडीच्या दोन ते तीन पट. याहून खोल गेलेले बारीक बी वर येत नाही. माठ व तांदुळजा यांचे बी फारच बारीक असते. ते चौपट बारीक वाळूत मिसळून पेरावे, म्हणजे दाट पडत नाही. धणे अख्खे न पेरता चपलेने अथवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी कराव्यात व रात्रभर भिजवून पेराव्यात. कोथिंबीर उगवण्यास आठ ते पंधरा दिवस घेते. चौथ्या दिवशी निराश होऊन वाफा उकरणारे लोक आहेत, त्यांस हे आधीच सांगावे. वांगी, टोमॅटो व मिरची यांची रोपे प्रथम वेगळी तयार करावी लागतात. वांगी व टोमॅटोची रोपे चार ते पाच आठवड्यांची, व मिरचीची पाच ते सहा आठवड्यांची झाली म्हणजे लावणी करावी. ती सायंकाळी करावी व लगेच पाणी द्यावे.

बाजारातील पाकिटातले रंग लावलेले बी औषध चोळलेले असते. ते मुलांच्या तोंडात जाणार नाही याची दक्षता घ्यावी व पेरल्यावर हात साबणाने धुवावेत. वाणाची निवड करताना राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठ व बाभळेश्वर येथील कृषी विज्ञान केंद्र यांचा सल्ला घेता येईल. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या हळद्या रोगास दाद न देणाऱ्या वाणांत परभणी येथे निघालेले ‘परभणी क्रांती’ हे वाण प्रसिद्ध आहे.

निगा

रोज थोडे शिंपडण्यापेक्षा हिवाळ्यात दोन-तीन दिवसांच्या वाट्याचे पाणी एकदम द्यावे, म्हणजे ओल मुळांपर्यंत जाते. नुसते वरचे शिंपण मुळांस वरच ठेवते व ती उन्हाने सुकतात. उगवणारे बी व नुकतीच लावलेली रोपे यांस मात्र रोज हलके पाणी हवे. बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. रोपांभोवती वाळलेला पाला अथवा गवत दोन बोटे जाड पसरले, तर बाष्पीभवन कमी होऊन पाणी वाचते व तणही दबते.

भेंडी, गवार यांची तोडणी दर दोन-तीन दिवसांनी करावी. शेंगा जून होईपर्यंत झाडावर ठेवल्यास झाड नवी फुले धरण्याचे कमी करते.

वेलांविषयी एक तक्रार सर्वत्र ऐकू येते : ‘फुले पुष्कळ आली, पण फळ धरत नाही, वेल वांझ आहे.’ वेल वांझ नसतो. दुधी, दोडका, कारले यांवर नर व मादी अशी दोन प्रकारची फुले येतात. आरंभी बहुधा नरफुलेच येतात. ती गळून पडणारच. मादीफुले मागाहून येतात. त्यांच्या पाकळ्यांखाली बोटाएवढे इवले फळ दिसते. नरफुलातील पराग मधमाश्यांनी मादीफुलावर नेला तरच ते फळ वाढते. नाही तर पिवळे पडून गळते. मधमाश्या कमी दिसल्यास ताजे नरफूल खुडून त्याचे केसर मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावे. दुधीची फुले सायंकाळी उमलतात. त्याचे हे काम सायंकाळी करावे. परिसर अभ्यासाचा हा पाठ फळ्यावर काढलेल्या आकृतीपेक्षा वेलाखाली उभे राहून अधिक चांगला समजतो.

कीड व रोग

घरच्या बागेत विषारी औषधांचे प्रयोजन नाही. लहान मुले तेथे खेळतात व भाजी त्याच दिवशी ताटात येते. रोज सकाळी पानांची खालची बाजू पाहण्याची सवय हाच पहिला उपाय होय. अळ्या व अंडी हाताने वेचावीत. वांग्याचा सुकलेला शेंडा व पोखरलेले फळ तोडून जाळावे अथवा खोल पुरावे, उकिरड्यावर फेकू नये. हळद्या झालेले भेंडीचे झाड बरे होत नाही. पांढरी माशी तो रोग इतर झाडांवर नेते, म्हणून ते उपटून टाकावे.

मावा व तुडतुडे वाढल्यास निंबोळीचा अर्क फवारावा. उन्हाळ्याच्या अखेरीस निंबोळ्या वेचून, वाळवून ठेवाव्यात. पाव किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी फडक्याने गाळाव्यात व त्यात पाणी घालून एकूण पाच लिटर करावे. त्यात थोडा साबणाचा चुरा विरघळवून सायंकाळी पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारावे. अर्क त्याच दिवशी वापरावा. फवारलेली भाजी दोन-तीन दिवसांनी तोडून स्वच्छ धुवावी.

घरचे बी

आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावच्या राहीबाई पोपेरे यांस २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. त्यांस शाळेत जाण्याची संधी मिळाली नव्हती. परंतु भाज्यांची व धान्यांची देशी वाणे ओळखून, पिकवून, त्यांचे बी जपून त्यांनी बियाण्यांचा मोठा संग्रह उभा केला व तो इतरांस वाटला. आपल्या विद्यार्थ्यांच्या घरीही अशा जाणत्या आजी असतात. वाल कोणता, तो केव्हा टोकावा, बी राखेत कसे ठेवावे हे त्या जाणतात. त्यांस एक दिवस शाळेत बोलवावे व मुलांसमोर बोलते करावे. शिक्षकानेही त्यांजकडून शिकावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माळी, सुतार, कुंभार अशा स्थानिक जाणकारांकडून मुलांनी शिकावे असे म्हटलेच आहे.

बी धरण्यासाठी सर्वांत निरोगी झाडाची दोन-तीन फळे राखावीत व ती पूर्ण पिकू द्यावीत. भेंडी, गवार, वाल झाडावरच वाळवावीत. वांगे पिवळे पडल्यावर बी काढून, धुऊन सावलीत वाळवावे. संकरित वाणाचे बी मात्र धरू नये. त्याची पुढील पिढी मूळ झाडासारखी निघत नाही. बी कोरड्या बाटलीत घालून वर भाजीचे नाव व वर्ष लिहावे.

शिक्षकाने सांभाळावयाच्या गोष्टी

वाफ्याचे क्षेत्रफळ, पाण्याचे लिटर, उगवणीची टक्केवारी, भाजीचे वजन व बाजारभावाने तिची किंमत ही सर्व गणिताची खरी उदाहरणे आहेत. पेरणीपासून तोडणीपर्यंतची रोजनिशी हा भाषेचा पाठ होय. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा जो विचार पुढे आला, त्याचेच हे साधे रूप आहे.

परंतु बागेवर गुण देऊ नयेत आणि ‘कोणाची बाग मोठी’ अशी स्पर्धा लावू नये. ज्या मुलाच्या घरास परसू नाही, जे कुटुंब दुसऱ्याच्या जागेत राहते, त्या मुलास वर्गात मान खाली घालावी लागेल असे काही घडता कामा नये. त्याच्यासाठी तळास भोके पाडलेला जुना डबा अथवा मातीने भरलेले पोते आहेच. त्यात मिरचीचे एक रोप व कोथिंबीर निश्चित होते. तसेच बाग ही मुलीचे अथवा आईचे काम ठरू नये. पाणी घालण्याची पाळी मुलगा, मुलगी व वडील अशा तिघांत वाटून द्यावी, असे पालकसभेत स्पष्ट सांगावे.

पहिल्या वर्षी सर्व गावाचा विचार करू नये. पाणी व इच्छा असलेली पाच घरे निवडावीत, त्यांस वरील दोन वाफे करावयास सांगावे आणि पंधरा दिवसांतून एकदा जाता-येता पाहून यावे. मार्चमधील केंद्राच्या शिक्षण परिषदेस येताना त्या पाच घरांची हकीकत लिहून आणावी : कोणी बाग टिकवली, कोणी सोडली, आणि सोडली असल्यास कशामुळे. सोडलेल्या बागेचे कारण पाणी होते, शेळी होती, की ऊसतोड, हे कळले म्हणजे पुढील जूनमध्ये कोणत्या घरास काय सांगावे, हे आपण अधिक नेमकेपणाने ठरवू शकू.